भिंगवाले बसने गेले

"शुद्धिपत्र? माझ्या हयातीत तरी नाही!"

हे वाक्य काना-मात्रा दिवसातून दोनदा म्हणत. एकदा सकाळी कचेरीत शिरल्यावर खुर्ची झटकताना, आणि एकदा दुपारी डबा धुऊन ठेवताना. समोर ऐकणारं कोणी असो वा नसो. बहुतेक वेळा नसेच. पण म्हणत मात्र अशा थाटात, की समोर भरलेलं सभागृह असावं आणि टाळ्या कधीही पडाव्यात!

काना-मात्रा हे चरित्रकोशाच्या कचेरीतले प्रूफरीडर. त्यांचं खरं नाव काय ते कचेरीत पगाराच्या कागदाखेरीज कुठे लिहिलेलं नव्हतं. एखाद्या शब्दातला काना गळला किंवा मात्रा जास्तीची पडली, की या गृहस्थांना अंगभर खाज सुटायची, म्हणून हे नाव पडलं. दुकानाची पाटी, डॉक्टरची चिठ्ठी, लग्नाची पत्रिका, काही काही सुटायचं नाही. सहा वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हा सांत्वनाची सत्तावीस पत्रं आली. काना-मात्रांनी सगळी लाल शाईने दुरुस्त केली. दुसरं काय करावं तेच त्या दिवसांत त्यांना सुचत नव्हतं.

एकतीस वर्षं नोकरी, चौदा खंड, आणि एकाही खंडाच्या शेवटी शुद्धिपत्र नाही! म्हणजे "अमुक पानावर तमुक ओळीत आमची चूक झाली, क्षमस्व" असा जो नामुष्कीचा कागद पुस्तकात चिकटवतात, तो त्यांच्यावर कधी चिकटवायची वेळ आली नव्हती. आता पंधरावा खंड छपाईला निघाला होता आणि निवृत्तीला उरले होते बारा दिवस. बारा दिवस सांभाळले, की शुद्धिपत्राविना सुटका. एवढी एकच कमाई घेऊन त्यांना घरी जायचं होतं. कारण घरी दुसरं काहीच वाट बघत नव्हतं.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. दारावरच्या पाटीवर तीन नावं, त्यांचं, बायकोचं आणि मुलीचं. आत मात्र माणूस एक. मुलगी फार लांब. दर रविवारी अकरा वाजता फोन यायचा.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो."

"बरे आहात ना?"

"बरा आहे."

"काळजी घ्या हं."

"घेतो."

प्रश्न तेच आणि उत्तरंही तीच. दुरुस्तीला कुठे जागाच नसायची. फोन ठेवला की पुढच्या रविवारपर्यंत घरात बोलणारा एक नळच, तोही टपटप.

कचेरीत निदान चुका तरी त्यांची वाट बघत. बारा दिवसांनी त्याही बघणार नव्हत्या. हा विचार मनात आला, की काना-मात्रा चष्मा पुसायला घेत. त्या महिन्यात त्यांचा चष्मा फार स्वच्छ होता.

तर त्या दिवशी त्यांच्या पुढ्यात होतं डोकं लावायचं काम. दचकू नका! चरित्रकोशात प्रत्येक नोंदीला सुरुवातीला चार ओळींचं प्रास्ताविक असतं. गृहस्थ कोण, जन्म कधी, कशासाठी प्रसिद्ध. त्याला कचेरीत म्हणायचे 'डोकं'. खाली सगळा सविस्तर मजकूर, ते 'धड'. डोक्यात आहे ते धडात हवं आणि धडात आहे त्याचं सार डोक्यात हवं, हा तिथला कायदा. डोक्यात 'तीन मुलगे' आणि धडात दोनच असले, तर तिसऱ्याला शोधून आणणं किंवा त्याला डोक्यातून घालवणं, हे काम काना-मात्रांचं. एकदा बसमध्ये कचेरीतला शिपाई त्यांना ओरडून विचारत होता, "काका, काल किती डोकी लावलीत?" आणि हे म्हणाले, "सात! आठवं धडाला बसेना, घासून घ्यावं लागलं." पुढच्याच थांब्यावर अर्धी बस उतरली.

आजची नोंद होती भिंगवाल्यांची. उभा जन्म दुर्बिणीची भिंगं घासण्यात घालवलेला कारागीर. शाळाशाळांतून त्यांच्या दुर्बिणी होत्या, हजारो पोरांनी पहिल्यांदा चंद्रावरचे खड्डे पाहिले ते त्यांच्या भिंगातून. डोकं छान होतं. 'भिंगवाले हे दुर्बिणीच्या भिंगांचे नामवंत कारागीर आहेत.' धडही छान होतं. फक्त धडाची शेवटची ओळ अशी होती:

'मागे पत्नी व दोन मुली.'

काना-मात्रांच्या अंगाला खाज सुटली.

मागे पत्नी व दोन मुली! मागे कोणाच्या राहतात? गेलेल्याच्या! म्हणजे धडात माणूस गेलेला आणि डोक्यात 'आहेत'! डोकं जिवंत आणि धड मृत! एकतीस वर्षांत असली नोंद त्यांनी पाहिली नव्हती.

"अगं, हे बघितलंस का?" त्यांनी पलीकडच्या टेबलावरच्या अक्षरजुळणीच्या पोरीला विचारलं. "हा माणूस वरून जिवंत आहे आणि खालून गेलाय!"

"मी आलं तसं टाइप केलं, काका," ती म्हणाली. तिच्या कानात गाण्याची बोंडं होती. "तुम्ही बघा ना. तुमचं कधी चुकतं का?"

झालं! एवढं म्हटल्यावर काना-मात्रा काय कोणाला ऐकतात! लेख लिहिणाऱ्या प्राध्यापकांचा फोन लागेना. मग त्यांनी नोंदीच्या फायलीतून भिंगवाल्यांच्या घरचा नंबर काढला, घसा साफ केला, आवाजात पुरेसं दुःख आणलं आणि फोन लावला.

पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला. "हॅलो, कोण?"

"मी चरित्रकोशातून बोलतोय. हे भिंगवाल्यांचंच घर ना?"

"हो, त्यांचंच. मी शेजारीण."

"असं असं. बाई, विचारायला जड जातंय, पण... भिंगवाले..."

"ते गेले."

काना-मात्रांनी डोळे मिटले. धड खरं बोलत होतं. "कधी हो?"

"आत्ता सकाळीच. सातला."

"सकाळी सातला! आजच?" काना-मात्रा खुर्चीतून अर्धवट उठले. "अरेरे! कशाने गेले?"

"कशाने म्हणजे? बसने."

"बसने!" काना-मात्रांच्या हातातली पेन्सिल गळून पडली. "अहो, काय हे! या वयात असं बसने जायचं!"

"मीपण तेच म्हणते. रिक्षाने जा म्हटलं, तर ऐकतात कुठे? चढताना पाय घसरतो एखाद वेळी. पण हट्टी माणूस!"

"पाय घसरला..." काना-मात्रांनी पेन्सिल उचलून लिहून घेतलं. "आणि त्यांच्या पत्नी? त्यांना कळवलंत?"

"त्यांना? अहो, त्या तर केव्हाच गेल्या. नऊ वर्षं झाली."

"नऊ वर्षं! बरं, पण दोन मुली आहेत ना मागे?"

"मुलीही गेल्या हो. आधी थोरली, मग तिच्या पाठोपाठ धाकटी."

"मुलीसुद्धा!" काना-मात्रांचा आवाज चिरकला. "त्या कशाने?"

"विमानाने."

काना-मात्रा मटकन खाली बसले. बाप बसने, मुली विमानाने! एका कुटुंबावर किती म्हणून संकटं यावीत!

"दोघीही... विमानाने?"

"मग! इतक्या लांबचं, दुसऱ्या कशाने जाणार? आजकाल सगळी पोरं विमानानेच जातात."

"म्हणजे घरात आता..."

"कोणी नाही. म्हणून तर किल्ली माझ्याकडे असते. कुंड्यांना पाणी घालायला येते मी."

"बाई, तुमचं मन फार मोठं आहे," काना-मात्रा गहिवरून म्हणाले.

"त्यात काय एवढं! काही निरोप आहे का? मी सांगीन त्यांना."

बाईंना धक्का बसलेला दिसतोय, काना-मात्रांच्या मनात आलं. गेलेल्यांना निरोप सांगणार म्हणतात! त्यांनी अगदी हळू आवाजात म्हटलं, "माझा नमस्कार सांगा," आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांनी चष्मा पुसला. मग लाल पेन उचललं. डोक्यात 'भिंगवाले' याच्या आधी 'कै.' घातलं. 'आहेत'चं 'होते' केलं. आता डोक्यात मृत्यू आला म्हणजे धडातही तपशील हवा, म्हणून धडात लिहिलं, 'बसमध्ये चढताना पाय घसरून निधन.' धडात बस आली म्हणजे डोक्यातही हवी. डोक्यात लिहिलं, 'अपघाती निधन.' मग मुलींचं विमान राहिलं, तेही धडात घातलं. डोकं पुन्हा कमी पडलं, तिथे 'दुर्दैवी कुटुंब' आलं. असा वर-खाली, खाली-वर तासभर खेळ चालला, आणि डोकं धडाला असं बसलं की सुईसुद्धा शिरू नये! मूळ नोंदीत दुर्बिणीच्या सहा ओळी होत्या, त्यातल्या दोन जागेअभावी गेल्या.

राहिली शेवटची ओळ. 'मागे पत्नी व दोन मुली.' ती तर आता साफ खोटी ठरली होती. काना-मात्रांनी ती खोडली आणि वर लिहिलं, 'मागे कोणी नाही.'

लिहिलं आणि त्या तीन शब्दांकडे बघतच राहिले. व्याकरणाची चूक नव्हती. काना, मात्रा, वेलांटी, सगळं जागच्या जागी. तरी त्यांनी ते पान पालथं घालून ठेवलं. घरी गेल्यावर दारावरच्या पाटीकडे त्यांनी त्या दिवशी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी संपादिकाबाईंनी नोंद वाचली आणि त्यांचे डोळे भरून आले. बाई कडक होत्या, पण मनाने हळव्या.

"केवढा मोठा माणूस! आणि आपल्याला पत्ताही नाही!" बाई म्हणाल्या. "सगळे उभे राहा. दोन मिनिटं शांतता!"

सगळी कचेरी उभी राहिली. म्हणजे बाई, काना-मात्रा, अक्षरजुळणीची पोरगी आणि घड्याळ बघायला शिपाई. तेवढ्यात फोन वाजायला लागला.

ट्रिंग ट्रिंग! ट्रिंग ट्रिंग!

"घेऊ का?" शिपाई कुजबुजला.

"श्श!" बाई म्हणाल्या. "गेलेल्या माणसाचा मान ठेवा!"

फोन वाजतच राहिला. थांबला, पुन्हा वाजला. "पन्नास सेकंद राहिली," शिपायाने तोंडाच्या कोपऱ्यातून सांगितलं. शेवटी फोन दमला आणि बंद पडला. कोणाचा होता ते कळलं नाही.

संध्याकाळपर्यंत पानं छापखान्यात गेली. चार दिवसांत छापून झाली. पद्धतीप्रमाणे भिंगवाल्यांच्या पानाची एक प्रत त्यांच्या घरच्या पत्त्यावर पोस्टाने रवाना झाली. पाकिटावर काना-मात्रांनी आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'कै. भिंगवाले यांच्या वारसांस.' वारस कोण आणि पाकीट उघडणार कोण, याचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. पद्धत म्हणजे पद्धत.

निवृत्तीला पाच दिवस राहिले होते. दुपारची वेळ. बाई छापखान्यात, शिपाई चहाला, पोरगी जेवायला. काना-मात्रा एकटे, डबा धुऊन नुकतेच म्हणत होते, "शुद्धिपत्र? माझ्या हयातीत तरी..." आणि दारात एक म्हातारे गृहस्थ उभे. दोन जिने चढून धापा टाकत होते. काखेत झोळी, हातात ते पाकीट.

"या, बसा," काना-मात्रा म्हणाले. "काय काम काढलंत?"

"वारसांना बोलावणं आलंय," म्हाताऱ्यांनी पाकीट पुढे केलं. "वारस काही येणार नाहीत. म्हटलं, आपणच जाऊन यावं."

पाकीट बघताच काना-मात्रांनी चेहरा गंभीर केला. "फार वाईट झालं हो. आपण भिंगवाल्यांचे कोण?"

"तसा मी त्यांना सगळ्यात जवळचा."

"भाऊ?"

"त्याहून जवळचा."

"भावाहून जवळचं म्हणजे... व्याही?"

"अहो, मीच तो!"

काना-मात्रांच्या हातातला डबा खाली पडला. झाकण गोल गोल फिरत कपाटाखाली गेलं.

"पण तुम्ही... तुम्ही गेलात ना?"

"गेलो होतो की. डोळ्यांच्या डॉक्टरकडे. संध्याकाळी आलोसुद्धा."

"कशाने?" सवयीने काना-मात्रांच्या तोंडून निघून गेलं.

"बसने!"

मग हळूहळू सगळा उलगडा झाला. शेजारीण, कुंड्या, विमान. मुली परदेशात आहेत, सुखात आहेत, लेकुरवाळ्या आहेत. काना-मात्रांच्या कपाळाला घाम फुटला.

"आणि मी तुम्हाला फोन केला होता," भिंगवाले म्हणाले. "शेजारीण म्हणाली, कोशातून कोणाचा तरी फोन होता. बिचारा फार दुःखात होता, नमस्कार सांगा म्हणाला. म्हटलं, कोण असेल, काय झालं असेल, चौकशी करू. दोनदा लावला, कोणी उचललाच नाही."

"तेव्हा आम्ही तुमच्यासाठी उभे होतो," काना-मात्रा पुटपुटले.

भिंगवाल्यांनी झोळीतून एक छोटं भिंग काढलं, छापील पानावर धरलं आणि वाचायला लागले. मधूनच हसत होते. "छान लिहिलंय हो! इतक्या झोकात मी गेलो असेन असं वाटलं नव्हतं. हे 'दुर्दैवी कुटुंब' म्हणजे तर कहर आहे! थोरलीला कळवायला हवं, ती विमानातून पडली म्हणून." मग त्यांचं भिंग शेवटच्या ओळीवर थांबलं. हसू थांबलं. "बाकी सगळं चुकलंय. ही ओळ तेवढी बरोबर आहे."

"कोणती?"

"मागे कोणी नाही."

काना-मात्रांना एकतीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी 'बरोबर आहे' म्हणालं, आणि त्यांना ते अजिबात ऐकवेना. "मुली फोन करत असतील की," ते कसंबसं म्हणाले.

"करतात ना. दर शनिवारी. जेवलात का विचारतात."

"आमची रविवारी विचारते," काना-मात्रा म्हणाले.

मग भिंगवाले म्हणाले, "माझा फोटो तेवढा परत द्या. लेखासोबत दिला होता. आम्हा चौघांचा तो एकच आहे."

काना-मात्रांनी फाईल उघडली. फोटो होता. कार्यशाळेच्या दारात तरणेबांड भिंगवाले स्टुलावर बसलेले, आणि त्यांच्या खांद्यांवरून डोकावणारी एक हसरी बाई आणि दोन वेण्यावाल्या पोरी. काना-मात्रांनी फोटो उलटा केला. मागच्या बाजूला शाईने लिहिलं होतं:

'कार्यशाळेच्या दारात भिंगवाले. मागे पत्नी व दोन मुली.'

मागे म्हणजे पाठीमागे! उभ्या! फोटोत!

आत्ता काना-मात्रांना लख्ख दिसलं. जागा पुरत नाही म्हणून फोटो गाळला गेला, फोटोखालच्या ओळीतलं पहिलं वाक्य काढलं गेलं, आणि दुसरं तसंच धडाच्या शेपटीला चिकटून राहिलं. आणि त्या पाच शब्दांवर त्यांनी एक अख्खं कुटुंब संपवलं होतं! फाईल उघडून फोटो एकदा उलटा केला असता तरी भागलं असतं. फोन नंबर वाचायला उघडलेल्या फायलीतच तो होता.

"पानं छापून झालीत," ते म्हणाले. "आता शुद्धिपत्र काढावं लागणार."

"त्याने काय होतं?"

काना-मात्रांनी सगळं सांगून टाकलं. एकतीस वर्षं, चौदा खंड, पाच दिवस. घरी न्यायला एवढी एकच गोष्ट होती, तीसुद्धा त्यांनी सांगितली. बोलता बोलता चष्मा पुसला.

भिंगवाल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "मग राहू द्या की तसंच," ते म्हणाले. "मी काही तक्रार करणार नाही. दोन-चार वर्षांत आपोआप बरोबर ठरेल. कोण येतंय तपासायला? तुमचे पाच दिवस नीट जाऊ द्या. मला मेलेला असायला काही त्रास नाही. तसाही दिवसभर कोणी हाक मारत नाही."

खोटं कशाला बोला, काना-मात्रांना क्षणभर मोह झाला. नुसतं गप्प बसायचं! समोरचा माणूस स्वतः म्हणतोय! त्यांनी छापील पानाकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं, आणि मग भिंगवाल्यांकडे पाहिलं. गृहस्थ धापा टाकत दोन जिने चढून आले होते, आणि आता टेबलावरच्या काना-मात्रांच्या जुन्या पुसट प्रुफांवर भिंग धरून कौतुकाने बघत होते. एकतीस वर्षांत त्या टेबलाजवळ असं कोणी बसलं नव्हतं.

"नाही," काना-मात्रा उठले. "माणूस इथे माझ्यासमोर बसलाय आणि पुस्तकात गेलेला? डोकं धडाला लागत नाही!"

संपादिकाबाई परतल्या, त्या दारातच थबकल्या.

"बाई, हे भिंगवाले," काना-मात्रांनी ओळख करून दिली. "जिवंत आहेत. चूक माझी आहे."

"पण आपण दोन मिनिटं उभे होतो!" बाई म्हणाल्या.

"ती पुढे कधीतरी वापरता येतील," शिपाई समजुतीने म्हणाला.

शुद्धिपत्र काना-मात्रांनी स्वतःच लिहिलं, स्वतःच तपासलं. "चूक प्रूफरीडरची, आणि नावानिशी लिहा," त्यांनी बाईंना सांगितलं. बाई नको नको म्हणत होत्या, पण हे ऐकतायत कुठे! एकतीस वर्षांत चरित्रकोशात त्यांचं नाव पहिल्यांदा छापून आलं, ते शुद्धिपत्रावर. कागद तपासायला तसे ते चार वेळा घेऊन बसले, पण दर वेळी अक्षरं ओली दिसायची, मग चष्मा पुसायचा, मग पुन्हा अक्षरं ओली.

शेवटच्या दिवशी भिंगवाले शुद्धिपत्रासकट आपली प्रत न्यायला आले, आणि काना-मात्रांच्या घरचा पत्ताही त्यांनी लिहून घेतला. पोरीने फोनवर फोटो काढायचं ठरवलं. खुर्ची एकच रिकामी होती. दोघांनी "तुम्ही बसा, तुम्ही बसा" असा दहा मिनिटं घोळ घातला. भिंगवाल्यांचे गुडघे दुखत होते, म्हणून ते बसले. काना-मात्रा खुर्चीच्या पाठीशी उभे राहिले. पोरीने फोटो छापून दिला आणि खाली टाइप केलं, 'बसलेले : भिंगवाले. मागे : काना-मात्रा.' काना-मात्रांनी ती ओळ तीनदा वाचली. दुरुस्तीला काही नव्हतं.

मग सोमवार उजाडला. पहिला सोमवार, ज्या दिवशी कुठे जायचं नव्हतं. काना-मात्रा सवयीने साडेआठला तयार झाले, बूट घातले, आणि बूट घालून खुर्चीत बसून राहिले. नळ टपटपत होता. नऊ वाजले. सव्वानऊ वाजले. मुलीचा फोन यायला सहा दिवस होते. शेवटी त्यांनी भिंगवाल्यांना फोन लावला. काम काहीच नव्हतं. जेवलात का विचारू, त्यांनी ठरवलं.

"हॅलो?" शेजारीण होती.

"भिंगवाले आहेत का?"

"ते गेले."

काना-मात्रा खुर्चीतून उठून उभे राहिले. कालपरवा तर खुर्चीत बसले होते! आत्ता कुठे ओळख झाली होती! कसला तो शहाणपणा, कसलं ते 'गेले'चं 'आहेत' करणं!

"क... कशाने?"

"कशाने म्हणजे काय हो, दर वेळी तेच काय विचारता? बसने! तुमच्याकडेच निघालेत सकाळी आठला. काहीतरी दाखवायचंय म्हणत होते!"

आणि दारावरची घंटा वाजली.

काना-मात्रांनी फोन तसाच टाकला आणि धावत जाऊन दार उघडलं. भिंगवाले धापा टाकत पाटीसमोर उभे होते, डोळ्याला भिंग लावून.

"वर तीन नावं," ते म्हणाले, "आणि आत माणूस एक. तुमचंच डोकं धडाला लागत नाही हो!"

"माहीत आहे मला," काना-मात्रा म्हणाले. त्यांना हसू येत होतं आणि रडूही. "ती पाटी फोटोसारखी आहे. दुरुस्त नाही करायची. तुम्ही आत या, मी चहा टाकतो."

"चहा टाका. पण आधी हे बघा." भिंगवाल्यांनी झोळीतून शुद्धिपत्र काढलं, टेबलावर पसरलं आणि एका ओळीवर भिंग धरलं. काना-मात्रा वाकून वाचायला लागले. ठळक अक्षरांत छापलं होतं:

'"मगे कोणी नाही" हे वाक्य रद्द समजावे.'

"काना कुठाय?" भिंगवाल्यांनी विचारलं.

काना-मात्रा दोन मिनिटं उभे राहिले. अगदी शांत.